नवसाचे नऊ दिवस

आमच्या आईचा राग वेशीपर्यंत ऐकू जायचा. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही, कौतुकानं लिहितेय, कारण माझ्या लहानपणातली सगळ्यांत भरवशाची गोष्ट तीच होती. कडेगावच्या अलीकडं उसात बुडालेलं आमचं गाव. आई भाकरी थापायला बसली की नुसत्या थापांवरनं घराला तिचा पारा कळायचा. थापा एका लयीत पडत असल्या तर खुशाल आत जावं. धाडधाड पडायला लागल्या की आमचे थोरले चुलते, तात्या, मळ्यातनं भुकेजून आलेले असले तरी दारातल्या लिंबाखालीच बसून पान जुळवत राहायचे. "तवा तापलाय वाटतं आत," एवढंच म्हणायचे. राग कशावरही असायचा. कोंबडीनं पीठ उधळलं, मी दप्तर चुलीजवळ टाकलं, आण्णांचं पत्र आलं नाही. पण तो पाच मिनिटांत उतरायचाही, आणि उतरला की ताटात गरम भाकरीवर काकवीची धार पडायची, तीही नेहमीपेक्षा जास्त. आण्णा, म्हणजे माझे वडील, पलटणीत होते. वर्षातनं एकदा काळी ट्रंक घेऊन यायचे, दोन महिने राहायचे, आम्हाला 'जल्दी जल्दी' आणि 'फालतू बात नही' शिकवून परत जायचे.

घरात खरं राज्य होतं ते मोठीआईचं. मोठीआई म्हणजे तात्यांची बायको. तिला मूलबाळ नव्हतं. आईला सून म्हणून पसंत करायला तीच गेली होती, आणि लग्नानंतर भाकरी मोडणाऱ्या त्या पोरीच्या हाताला धरून तिला थापायला शिकवणारीही तीच. आई तिला आक्का म्हणायची. दोघी भांडायच्या, दोघी एकाच ताटात जेवायच्या. मी हे मुद्दाम सांगून ठेवते आहे. पुढं जे घडलं ते वाचून कुणी मोठीआईला बोल लावला तर मला ते आजही सोसायचं नाही.

माझा भाऊ बापू झाला तेव्हा मी शाळेत चौथीला असेन. बाळंतपण घरीच झालं. मला शेजारी शिंप्याच्या घरी, मुमताजचाचीकडं बसवून ठेवलं होतं. तिच्या मांडीवर तिची स्वतःची चार महिन्यांची लेक होती. आमच्या घराकडनं बराच वेळ फक्त बायकांची पळापळ ऐकू येत होती. मग चाचीला बोलावणं आलं. ती परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. मला जवळ घेऊन म्हणाली, "भाऊ आया तुझा. आई थकली हाय, झोपू दे तिला." पलीकडं आमच्या न्हाणीघराच्या बाजूला मोठीआई लुगडी धूत होती आणि मोरीतनं जाणारं पाणी लालच्या लाल होतं. किती वेळ धूत होती कोण जाणे. आई जगली हीच देवाची कृपा, असं सगळे म्हणाले. आईच्या अंगावर दूध मात्र आलं नाही. एक थेंबही नाही. मोठीआईनं अळिवाची खीर केली, डिंक तळला, शतावरी आणली, शेगडी लावून शेकलं. काही केल्या पान्हा फुटला नाही. मुमताजचाचीनं आपल्या लेकीबरोबर बापूला पाजलं, मग शेळीचं दूध आलं, आणि पोरगं आपलं वाढलं.

आई मात्र त्या खाटेवरनं पूर्ण अशी उठलीच नाही. म्हणजे उठायची, काम करायची, पण पाण्यात चालल्यासारखी. चैत्रात, ऊस तोडून गेलेल्या रानात उभं राहवत नाही अशा उन्हात, ती घोंगडं पांघरून भिंतीशी बसायची आणि म्हणायची, "गार लागतंय गं सुमे." भाकरी थापता थापता हात थांबायचा आणि ती बसल्या जागी झोपायची. तव्यावरची करपायची. तोंड सुजल्यासारखं पांढरं झालं, भुवया विरळ झाल्या, आवाज जाड आणि संथ झाला. तिला हाक मारली की ओ यायला वेळ लागायचा. आणि राग गेला. पूर्ण गेला. कोंबडीनं पीठ उधळलं तरी ती बघत बसायची. बापू रांगत चुलीकडं गेला तरी उठायच्या आधी ती जणू विचार करायची की उठावं का. त्याला उचलायला मी पळायचे. मी शाळेतनं पळत यायचे ते त्याच भीतीनं.

गावातल्या बायका सुरुवातीला म्हणायच्या, बाई किती शांत झाली, लेकरानं गुण आणला. मग म्हणायला लागल्या, आळशी झाली. मग म्हणाल्या, बाळंतवाय झालाय, डोक्यात गेलाय. थापांचा आवाज घरातनं गेला तेव्हा तात्या लिंबाखाली बसेनासे झाले, सरळ आत यायचे, न बोलता जेवायचे. एकदा हात धुताना म्हणाले, "ही काय जेवणाची गोडी हाय व्हय? कुणी वराडना बी." मी रडले त्या दिवशी. आपली आई जिवंत आहे, समोर बसली आहे, आणि तरी ती नाही, हे सांगायचं कुणाला आणि कसं? माझ्याकडं शब्दच नव्हते.

आज शब्द आहेत, हवे तेवढे. मला स्वतःला थायरॉईड आहे. रोज पहाटे उपाशीपोटी बारीकशी गोळी घेते. ती चार दिवस चुकली तर जावयाचं बोलणंही जिवाला लागतं आणि घोटभर चहा करायचाही कंटाळा येतो. माझी नात औषधांचं शिकते, ती फोनवर मला मेंदूतल्या रसायनांची नावं सांगते, झोपेचं कुठलं, धास्तीचं कुठलं, आनंदाचं कुठलं. मी तिला म्हणते, बाई गं, मग माणसाचं स्वतःचं असं काय उरलं? ती हसते. मला हसू येत नाही. आईचा राग हा आईचा होता की तिच्या डोक्यातल्या कुठल्याशा रसाचा, हा प्रश्न मी तेव्हापासून बाळगून आहे.

त्याच मरगळीच्या दिवसांत कधीतरी मोठीआईनं नवस बोलला. आमच्या घरी नवरात्रात घट बसतात. मातीत धान पेरून वर घट ठेवायचा, रोज एक माळ बांधायची. पहिली माळ, दुसरी माळ असेच आम्ही ते दिवस मोजतो. मोठीआई घटासमोर पदर पसरून म्हणाली, "माझ्या धाकल्या जावंला उठीव. उठली की ती दरसाल तुझं नऊ दिस कडक धरंल. सांजचं वाटीभर दूध, बाकी तोंडात काय बी जाणार न्हाई." नवस दुसऱ्याच्या पोटावर बोलायची आमच्याकडं पद्धतच आहे. आया लेकरांच्या जावळावर बोलतात, बायका नवऱ्याच्या पायांवर बोलतात, की चालत येईल म्हणून. आई शेजारीच घोंगड्यात होती. तिला विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी त्या वेळी ती कशालाच नाही म्हणत नव्हती.

बापू चौथ्या वर्षात असताना आण्णा रजेवर आले आणि आईकडं बघून दारातच थबकले. आधीच्या रजांत त्यांनी बाळंतपणाचा थकवा म्हणून सोडून दिलं होतं. या वेळी त्यांनी ट्रंकही उघडली नाही. दुसऱ्या दिवशी आईला, मोठीआईला आणि बापूला सांभाळायला म्हणून मला घेऊन ते एस.टी.नं सांगलीला निघाले. पलटणीतल्या कुणा ओळखीच्यानं एका वयस्कर डॉक्टरीणबाईंचं नाव सांगितलं होतं. बाईंनी आईला तपासायच्या आधी नुसतं बघितलं, बराच वेळ. मग आण्णांना बाहेर पाठवलं आणि मोठीआईला विचारलं, "बाळंतपणात रक्त फार गेलं होतं का?"

"लय गेलं. मोरी भरून गेलं."

"अंगावर दूध आलं?"

"थेंब न्हाई."

"त्यानंतर पाळी?"

मोठीआईनं माझ्याकडं बघितलं, मग हळूच नाही म्हणून मान हलवली. बाईंनी पेन खाली ठेवलं. आण्णांना परत आत बोलावून त्यांनी जे सांगितलं ते मला अजून आठवतं, कारण त्यांनी ते आम्हा सगळ्यांना कळेल असं सांगितलं. मेंदूच्या खाली हरभऱ्याएवढी एक गाठ असते. एवढीशीच, पण अंगातल्या बाकीच्या गाठींना हुकूम तिथनं सुटतात. दूध यावं, भूक लागावी, अंगात ऊब राहावी, झोप कधी यावी आणि कधी मोडावी, संकट आलं की माणसानं उठून उभं राहावं, हे सगळं तिच्या हुकमानं चालतं. बाळंतपणात एकदम रक्त गेलं आणि ती गाठ वाळून गेली. आण्णा ताठ बसून ऐकत होते. म्हणाले, "म्हणजे हेडक्वार्टरच उडालं म्हणा की."

"तसंच," बाई म्हणाल्या. "आता हुकूम बाहेरनं पाठवायचे." त्यांनी दोन तऱ्हेच्या गोळ्या दिल्या. रोज घ्यायच्या, जन्मभर. मग आईच्या ऐवजी मोठीआईकडं बोट करून बजावलं, "एक दिवससुद्धा चुकवायची नाही. ताप आला, उलट्या झाल्या, तर कमी नाही, उलट दुप्पट."

महिना-दीड महिन्यात काय झालं ते कसं सांगू? आधी घोंगडं सुटलं. मग एक दिवस ती बापूला न्हाऊ घालताना गुणगुणत होती. मग एका दुपारी मी परड्यात भांडी घासत होते आणि आतनं आरडाओरडा ऐकू आला. दूध घालायला येणाऱ्या गड्यानं मापात बोट बुडवलं होतं आणि आई त्याला सोलून काढत होती. "पाणी घालतोस ते घालतोस, वर बोट बी घालतोस व्हय रं? ते बोट कुठं कुठं घालून आलास?" गडी कळशी तशीच टाकून पळाला. मोठीआई उंबऱ्यात मट्‌कन बसली आणि पदर तोंडाला लावून हमसून हमसून रडायला लागली. आईनं वळून तिच्यावरही तोंड सोडलं, "तुमाला काय झालं वो आक्का रडाया?" मला वाटलं, मी आनंदानं मरते की काय. संध्याकाळी तात्या लिंबाखाली बसून पान जुळवत होते. आत थापा धाडधाड पडत होत्या.

आणि पुढं नवरात्र आलं. नवस फेडायचा होता. मोठीआईच्या हिशेबात सगळं सरळ होतं. डॉक्टरीण देवीनं दाखवली, गोळी देवीनं दिली, मग देवीचे नऊ दिवस आधी. आणि कडक म्हणजे कडक, गोळीनंही उपास मोडतो. मी म्हणाले, बाई म्हणाल्यात एक दिवस चुकवायची नाही. मोठीआई मला कुरवाळत म्हणाली, "अगं येडे, चार वर्सं गोळी न्हवती, तवा जगलीच का न्हाई तुजी आई? मग नऊ दिसानं काय हुतंय?" मी तेरा-चौदा वर्षांची. तात्या मळ्याकडं निघून गेले. आण्णा सीमेवर. आई म्हणाली, "आक्कानं माज्यासाठी शब्द दिलाय सुमे. धरलंच पायजे." त्या वर्षी ती फुलासारखी होती. अंगावर हिरवं लुगडं, घटासमोर आरती म्हणताना सगळ्यांत वर तिचा आवाज.

सहाव्या माळेला उलट्या सुरू झाल्या. सातव्या माळेला ती परड्यात पडली, हातपाय बर्फ, डोळे अर्धे. साखर कारखान्याची जीप तात्यांनी मिनतवारीनं मिळवली. सांगलीला डॉक्टरीणबाईंनी आमच्यावर डोळे वटारले, पण बोलण्याआधी हात चालवले. सलाईन आणि शिरेतनं एक इंजेक्शन. सांज व्हायच्या आत आई उशीला टेकून बसली आणि म्हणाली, "चा मिळंल का कुठं?" मग बाई बोलल्या. मोठीआईचाच तो प्रश्न मी त्यांना विचारला होता. त्या म्हणाल्या, "तेव्हा तिचं शरीर थोडाफार रस कसातरी स्वतः काढत होतं. मरगळीत का होईना, चालत होतं. आता ते गोळीवर विसंबलंय, स्वतःचं करायचं विसरलंय. गोळी एकदम तोडली आणि वर पोटात अन्न नाही, म्हणजे दोन्हीकडनं दोर कापला." मोठीआईनं बाईंचे पाय धरले, सगळ्याला हो हो म्हणाली. बाहेर व्हरांड्यात आल्यावर माझा हात धरून डोळे पुसत म्हणाली, "बगितलंस? मरणाच्या दारातनं माघारी दिली. आईसायबानं पारख केली गं, पास झाली तुजी आई." तिच्या चेहऱ्यावर उजेड होता. आता अशा माणसाला काय सांगणार? इंजेक्शन तिनंही बघितलं होतं. मी बघितलेलं आणि तिनं बघितलेलं एकच होतं, आणि तरी ते एक नव्हतं.

दुसऱ्या वर्षी आई शहाणी झाली होती. घट बसायच्या आधी तिनं मला कोठीच्या खोलीत ओढलं, गोळ्यांची पुडी पोलक्यात खोचली आणि डोळा मिचकावला. "आक्काला बोलू नगंस. तिचा नवस बी राहू दे आन् माजा जीव बी राहू दे." रोज सकाळी ती तुळशीला पाणी घालायला जायची आणि तांब्यातल्या घोटाबरोबर गोळ्या गिळायची. मी दारात राखण करायचे. परत येताना ती मला चिमटा काढायची. उपासानं थकायची, पण पडली नाही. नवव्या माळेला मोठीआईनं तिची दृष्ट काढली. "बगा, औंदा काय बी झालं न्हाई. एकदा पारख झाली की झाली." आई माझ्याकडं बघेना, कारण बघितलं असतं तर दोघींना हसू फुटलं असतं. ते माझ्या पोरवयातले सगळ्यांत सुखाचे नऊ दिवस.

मग थंडीत बापूला ताप आला. तीन-चार दिवसांचा साधा ताप. ताप उतरला तेव्हा त्याचा डावा पाय लोंबत होता. सांगलीच्या डॉक्टरांनी पोलिओ म्हणून सांगितलं. त्या साली आमच्या पट्ट्यात पुष्कळ लेकरांचे पाय गेले, काहींचे हातही. मुमताजचाचीच्या बहिणीचं पोरगं गेलं. पण आईनं ते ऐकलं नाही. तिनं पाय बघितला आणि माझ्याकडं बघितलं, आणि मला कळलं की तिच्या मनात काय आलंय. त्यानंतर ती गोळ्या रोज घ्यायची, पण घेताना तिचा चेहरा चोरी करणाऱ्यासारखा व्हायचा. बापूच्या पायाला तेल चोळताना ती ओठ घट्ट मिटायची. 

पुढच्या नवरात्रात घट बसायच्या आदल्या दिवशी तिनं मला परत कोठीत नेलं. या वेळी बापू तिच्या कडेवर होता, सहा वर्षांचं पोरगं, कडेवर न मावणारं. म्हणाली, "औंदा खरं धरणार हाय मी."

मी बोलत सुटले. बाई काय म्हणाल्या ते, जीप, इंजेक्शन, चाचीच्या बहिणीचं पोरगं, सगळं. म्हणाले, देवीनं पाय न्यायचाच असता तर तुझा नेला असता, ह्यानं काय केलं होतं? ती शांतपणे ऐकत होती.

"तुजं समदं खरं आसंल," ती म्हणाली. "पर मी फसवलं, आन् ह्याचा पाय गेला. ह्या दोन्ही गोष्टी झाल्यात का न्हाई?"

"झाल्यात, पर..."

"मग झालं तर. दुसरा पाय बी गेला तर मी काय करू सुमे? तू सांग, मी काय करू?"

मी काय सांगणार होते? दुसरा पाय जाणार नाही, असं कुणाच्या भरवशावर म्हणणार होते? मी मनात ठरवलं होतं की संध्याकाळच्या दुधात गोळी कुटून घालायची. आईनं ते माझ्या तोंडावरच वाचलं असावं. तिनं माझा हात धरला आणि बापूच्या डोक्यावर ठेवला. "शपथ घे. दुधात घालणार न्हाईस. कुणाला सांगणार न्हाईस. आक्काला न्हाई, तात्याला न्हाई, आण्णाला कागद न्हाई." बापूचे केस तेलानं चिकट होते. तो माझ्या बांगडीशी खेळत होता. मी शपथ घेतली.

आज तो बापू पासष्टीकडं झुकलाय, काठी आपटत सगळ्या घरावर हुकूम चालवतो, आणि राग आला की अगदी आई. हे प्रकरण लिहीपर्यंत ही शपथ मी त्यालाही सांगितली नव्हती. सांगून त्यानं काय करावं?

पहिले तीन दिवस आई निश्चयानं तेजस्वी दिसत होती. चौथ्या माळेला तिनं घोंगडं मागितलं.  तेव्हा मला एक गोष्ट कळली, जी नातीच्या पुस्तकांत असेलही, पण मी ती आईच्या तोंडावर वाचली आहे. नुसती ताकद जात नव्हती. भीतीही जात होती, आणि ज्या हट्टानं तिनं उपास धरला होता तो हट्टसुद्धा. पाचव्या माळेला मी तिच्या पायांशी बसून म्हणाले, "आई, घे गं आता, मी पाया पडते." तिनं नको म्हटलं असतं तर मी भांडले असते. ती नको म्हणाली नाही. हो म्हणाली नाही. माझ्याकडं बघत राहिली, त्या जुन्या चार वर्षांतल्या नजरेनं. जी बाई बापूच्या पायासाठी मरायला तयार झाली होती ती आता आत नव्हती, आणि जी उरली होती तिला जगण्यामरण्याचं काही पडलेलं नव्हतं. मी विनवायचं कुणाला? बापू खुरडत तिच्याजवळ गेला आणि "आई, उठ की" म्हणाला, तर तिनं त्याच्या तोंडावरनं हात फिरवला आणि झोपी गेली.

मोठीआईला काळजी नव्हती. मागच्या वर्षीचा निभाव तिनं बघितला होता. "थकल्या जिवाला नीज येतीच," म्हणायची आणि आईच्या तळपायांना काशाच्या वाटीनं तूप घासत बसायची. मी ओढणीच्या टोकाला दोन्ही गोळ्या गाठ मारून बांधल्या होत्या. का, ते मला सांगता येत नाही. शपथ मोडायची नव्हती, आणि गोळ्यांपासून लांबही राहवत नव्हतं. दिवसातनं कितीदा तरी मी ती गाठ चाचपायचे. घटाभोवतीचं धान त्या वर्षी जोमदार उगवलं होतं, आणि येणाऱ्याजाणाऱ्या बायका म्हणत होत्या, देवी प्रसन्न आहे.

आठव्या माळेला सकाळी आई हलवून उठेना. तात्या पळाले, जीप आली, मागच्या बाकावर मोठीआईच्या मांडीवर आईचं डोकं, पायांशी मी. बापूला चाचीनं ठेवून घेतलं. विटा गेलं, तासगाव गेलं, दोन्हीकडं द्राक्षांचे मांडव आणि ऊस. मोठीआई सारखी जप करत होती. आईच्या कपाळावर गार घाम होता. तासगाव मागं पडल्यावर ती एकदा ओकली, नुसतं पाणी, आणि तिचा श्वास वेगळा वाजायला लागला. मोठीआईचा जप थांबला. तिनं आईच्या तोंडाकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि मला वाटतं त्या क्षणी तिला मागचं वर्षही कळलं आणि हेही.

माधवनगरचं फाटक बंद होतं. गाडी यायची होती. पुढं दोन ट्रक, उसाच्या रिकाम्या बैलगाड्या, सायकलवरचे गिरणीकामगार. तात्या उतरून फाटकवाल्याच्या अक्षरशः हातापाया पडत होते. तो म्हणत होता, "आवं, माज्या हातात न्हाई ते."

"सुमे," मोठीआई म्हणाली, "गोळी हाय का गं तुज्याजवळ?"

मी ओढणीची गाठ सोडायला लागले. ती सुटेना. मोठीआईनं ती दातांनी सोडली.

"दे. मोडू दे उपास. काय यायचं ते माज्यावर येऊ दे," ती वर जीपच्या ताडपत्रीकडं बघून म्हणाली, जणू तिथं कुणी बसलं होतं. तिनं आईचे ओठ उघडले, गोळ्या जिभेवर ठेवल्या, तांब्यातल्या पाण्यात बोटं बुडवून थेंब थेंब तोंडात सोडायला लागली. "गिळ गं इंदे. गिळ माजी बाई. मी सांगती न्हवं, मी सांगती, गिळ." पाणी ओठांच्या कडेनं बाहेर येऊन तिच्या हातावरनं ओघळत होतं. ती परत बोटं बुडवत होती, परत सोडत होती. मी आईच्या पायांवर तळवे घासत होते, आणि पाय ज्या गारठ्यात होते त्यातनं बाहेर येत नव्हते.

गाडी आली. बराच वेळ डबे जात राहिले. शेवटचा डबा गेला, फाटक वर झालं, आणि तात्या धावत येऊन पुढच्या सीटवर बसत म्हणाले, "चला, चला." मोठीआईनं हात वर करून त्यांना थांबवलं.

आईच्या जिभेवर दोन्ही गोळ्या तशाच होत्या.